सतरा छपरं

बसा, बसा सगळे. मागे सतरंजीवर जागा आहे, उभं राहू नका.

काकीची लेक मंदा, आपल्या पाड्यातली सगळी माणसं, आणि ठाण्याहून, डोंबिवलीहून वाट वाकडी करून आलेली पाहुणे मंडळी. आज यमुनाकाकीचं बारावं. सतराही घरांची लोखंडी छपरं माझ्या हातून बसली, म्हणून मला बोलायला उभं केलंय. मला बोलता येत नाही. आयुष्यभर कंपनीत वेल्डिंग केलं. तिथे तोंडासमोर काच धरलेली असते, बोलायचा प्रश्नच येत नाही. पण आज बोलावं लागणार आहे. जे बोलणार आहे ते ऐकून तुमच्यातले काही उठून जातील. जा. फक्त पूर्ण ऐका आणि मग जा.

आत्ता माझ्याआधी बोललेले साहेब म्हणाले, काकी म्हणजे मायेची सावली. साहेब, राग मानू नका, पण तुम्ही तिच्या हाताखाली काम केलेलं नाही. सिमेंटचा माल पातळ झाला की ती आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. हसा, हसा. ती असती तर तीही हसली असती. काकी मायाळू नव्हती. काकी खमकी होती. म्हणून आज इथे पाडा आहे.

पाहुण्यांना थोडं मागचं सांगतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी, चैत्रात, भरदुपारी खालच्या शेतांकडून वणवा वर आला. टेकडीवरचं गवत वाळून कडकडीत झालेलं. वारा खाडीकडून. तासाभरात सतरा घरं गेली. पेंढ्याच्या उडव्या गेल्या, गोठ्यात बांधलेली गुरं गेली. सिलिंडर फुटत होते, आणि प्रत्येक आवाजाला कोणाची तरी बायको ओरडायची, आमचं गेलं. बंब खालीच थांबला, वर चढायला रस्ताच नव्हता.

काकी तेव्हा शेतावर होती. घरात नामाकाका, तिचा नवरा. लकवा मारलेला, खाटेवर. त्यांना कोणी बाहेर काढलं? किसनने. पाड्याच्या टोकाला राहणारा किसन, लाकूडफाटा नि मध गोळा करणारा आपला कातकरी शेजारी. स्वतःचं घर जळत असताना तो काकांना पाठीवर घेऊन उतरला. पण धूर छातीत गेलेला. काका कल्याणच्या हॉस्पिटलात गेले. तिथून परत आले नाहीत.

आणि आपण काय केलं? आपण किसनला धरलं. मधासाठी धूर करतो, त्यानेच लावली. सगळ्यांच्या आधी तो तिथे कसा पोचला, म्हणून त्यानेच लावली. माणूस वाचवायला पहिला धावला हाच त्याचा पुरावा झाला. त्याला मारलं. कोणी मारलं ते मी सांगत नाही, तुम्हाला माहितीये. मी मारलं नाही. मी बाजूला उभा होतो, हाताची घडी घालून. दोन दिवस तो चौकीत होता. पुरावा नाही म्हणून सोडला, तर बायकोला घेऊन वीटभट्टीवर निघून गेला.

आपण सगळे शाळेत राहत होतो. शीळफाट्याला खोल्या देतो, जागा आम्हाला लिहून द्या, असं सांगत बिल्डरची माणसं यायला लागली. निम्मे तयार होते. मीसुद्धा. काकी तिथे उभी राहून म्हणाली, "तिकडं खोली मिळंल. गाव मिळंल का? कोनाच्या दारात जाऊन बसनार?" आणि तिने तिचा नियम सांगितला. दर रविवारी सगळ्यांनी एकाच घरावर काम करायचं. ज्याचं घर, त्याने थापीला हात लावायचा नाही. त्याने सगळ्यांचं जेवण करायचं. म्हणजे माझं घर मोठं, तुझं लहान, हे भांडणच नको.

नियम सगळ्यांना पटला. पहिलं घर कोणाचं, हे ऐकल्यावर कोणालाच पटलं नाही. ती म्हणाली, किसनचं.

आठवतंय ना? त्या रविवारी कामाला फक्त चार माणसं आली. तिने स्वतः वीटभट्टीवर जाऊन किसनला आणलेलं. त्याची बायको सुकरी, तिने भात आणि सुकटीचं कालवण केलेलं. कोणी पुढे होईना. काकी पहिली बसली. नवऱ्याचे दिवस होऊन आठवडा झालेला, आणि ज्याच्यावर आळ त्याच्या दारात ती जेवायला बसली. मला म्हणाली, "मधू, बस." मी बसलो. तुम्ही म्हणालात, मधूचं मन मोठं.

तुम्ही कुजबुजत होता, काकीला झालंय काय? किसनचं घर पहिलं का? स्वतःचं शेवटचं का? आणि मधूलाच प्रत्येक छपरावर का चढवते? दुसऱ्या पाड्याचा वेल्डर फुकटात यायला तयार होता. तिने त्याला परत पाठवला. का?

सांगतो.

पाहुण्यांना राब माहीत नसेल. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला, फांद्या, गवत पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवतात. जमीन भाजली की रोप चांगलं येतं. आपल्या बापजाद्यांपासून चालत आलंय. पण राब भाजायची रीत आहे. पहाटे, वारा पडलेला असताना. आधी हाळी द्यायची, "राब लावतोय रं!" मग शेजारचे येतात, चार कोपऱ्यांना चार माणसं ओल्या फांद्या घेऊन उभी राहतात. विझून हात लावता येईपर्यंत कोणी हलत नाही. एकट्याने राब लावायचा नाही. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मला माहीत होतं. पण आम्ही धड शेतकरी नाही, धड कामगार नाही. कंपनीत शटडाऊन होतं, म्हणजे मशिनं बंद ठेवून दुरुस्ती, आठवडाभर रोज डबल पाळी. सुट्टी मागितली, मिळाली नाही. त्या दिवशी सकाळी घरी येऊन झोपलो, उठलो तर बारा वाजलेले. दोनची गाडी पकडायची होती. वाटलं, एवढासा तुकडा आहे, उरकून टाकू. हाळी दिली नाही. भरउन्हात बोलावलं तर लोक शिव्या देतील, हीसुद्धा भीती. एकट्याने पेटवला. ज्वाळा बसल्या तसे दोन हंडे पाणी मारलं आणि गाडीसाठी पळालो.

बांधावर काकी भेटली. तिला धूर दिसला. म्हणाली, "मधू, राब लावलास? कोन उभं हाय तिथं?"

मी थांबलोही नाही. म्हटलं, "विझलाय, काकी."

तो विझलेला नव्हता.

थांबा. बसा, दादा. मला नंतर मारा. अजून संपलेलं नाही.

मंदा, तुझ्या बाबांना मी मारलं. किसनने नाही. मी. जाणूनबुजून नाही, हे मी म्हणू शकतो. पण त्यानंतरचा एकेक दिवस जाणूनबुजूनच होता.

काकांचं तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी काकीने मला बोलावलं. शाळेमागे ती वाळू चाळत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "तू विझलाय बोललास. मी मानलं. दोन शेतं ओलांडून बघायला पायजे होतं. नाय बघितलं. म्हंजे मीबी त्यात आलेच." मी तिचे पाय धरले. म्हटलं, आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो. तर म्हणाली, "आता नाय. अर्धा पाडा तुझी भावकी, अर्धा आमची. आज बोललास तर दोन पार्ट्या होतील, एक भिंत उभी नाय राहायची. तुला वेल्डिंग येतं ना? सतरा छपरं तू बसवायची. सतरावं माझं. ते बसलं का तू सोता सांगायचं. मी नाय सांगनार."

मी विचारलं, आणि किसन? तिने चाळण खाली ठेवली. मग म्हणाली, "त्याला मी आनते. पन तवर त्याचं नाव खराब राहनार. ते पाप आपल्या दोघांचं."

ती बरोबर होती का? मी रोज विचार करतो. घरं उभी राहिली हे खरं. दोन वर्षं सुकरीला विहिरीवर कोणी आधी पाणी भरू दिलं नाही, हेही खरं. काकीने हिशोबच तसा मांडला होता, सोळा कुटुंबांना छप्पर आणि एका कुटुंबाला कलंक. तिला तो टोचत होता. मला? खरं सांगू? मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षं मिळाली म्हणून बरं वाटलं. एवढा हलका माणूस आहे मी.

सतरावं छप्पर मार्गशीर्षात बसलं. तुम्ही सगळे होता. काकीने पूजा घातली, प्रसाद वाटला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी तुम्ही याच मंडपात माझा सत्कार ठेवलात. शाल घातलीत, नारळ दिलात. आणि मी ती शाल घेतली. हात जोडून, हसून फोटो काढला. काकी पहिल्या रांगेत होती. तिने टाळी वाजवली नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात तिला दम लागायला लागला, हॉस्पिटलात नेलं. मी भेटायला गेलेलो. मोसंबी घेऊन, नेहमीचा पाहुणा गेल्यासारखा. तिने नाकावरची नळी बाजूला केली आणि विचारलं, "बोललास?"

म्हटलं, नाही, काकी.

"मंग कशाला आलास?" एवढंच बोलली. तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या दिवशी गेली.

आज सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, आता काकी गेली, कोणाला कळणार आहे? पोरीचं लग्न व्हायचंय. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तेच तर माझ्याही मनात बारा दिवस चाललेलं. काकी गेली त्या दिवशी, सगळे रडत होते तेव्हा, माझ्या मनात पहिला विचार आला की आता कोणालाच माहीत नाही. मला माझीच किळस आली. मला आत्ताही भीती वाटतेय, तुम्हाला दिसत असेल. पण काकीने तिच्या वाटचं सगळं केलं. तिचा नवरा गेला, तिने घरं बांधली. मला एकच काम दिलेलं, ते मी तिच्या डोळ्यांदेखत करायला हवं होतं. आता ती बघायला नाही. उशीर झाला तो झालाच.

इथून मी चौकीत जाणार आहे. जे लिहून घ्यायचं ते घेतील. माझ्या भावकीला हात जोडून सांगतो, माझ्या बाजूने कोणी उभं राहायचं नाही. मंदा, तुला माफी मागायची माझी लायकी नाही. मागत नाही. आणि पाड्याला एकच मागणं. या रागात घराघरांत भिंती घालू नका. त्या भिंती काकीने उभ्या केलेल्या नाहीत.

आता आपण काकीसाठी शांत उभं राहू.

किसनदादा तिथे खांबाजवळ बसलेत. दोन वर्षं आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला ते तिथेच, चपलांजवळ बसतात. किसनदादा, तुम्ही पुढे या. सुकरीवहिनी, तुम्हीपण. इथे, काकीच्या फोटोजवळ.

किती वेळ उभं राहायचं ते मी सांगणार नाही. किसनदादा बसतील तेव्हा आपण बसायचं. ते बसेपर्यंत कोणी बसायचं नाही.

उठा.