डीपीकडची भिंत

विमलाबाई : ते काही नाही गुणाजीराव, हेमाला मी आजच आमच्या घरी कोपरीला घेऊन जाते. पेपरात छापलंय, पोटुशीच्या उशाशी विजेचं यंत्र असलं तर पोराच्या मेंदूला धोका. आणि तुमच्या भिंतीपलीकडे हा एवढा डीपी! सारखा घुंऽऽ करतोय.

गुणाजी : विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरून तुम्हीच माझ्या लेकीला इकडे पाठवलंत.

विमलाबाई : तेव्हा डीपी कुठे बघितला होता मी?

हेमा : आई, बाबांनी कालपासून मेन स्विच बंद ठेवलाय. बाळासाठी.

विमलाबाई : म्हणून पंखा बंद होय! अहो, घरातली वीज घालवून बाहेरचा डीपी थांबतो का? तो अख्ख्या आळीचा!

गुणाजी : मला वाटलं, तेवढीच कमी.

हेमा : फ्रिजमधले बांगडे फेकले, दूध नासलं. मी घामाने निथळतेय ते वेगळंच.

विमलाबाई : लावा आधी तो स्विच!

(गुणाजी मेन स्विच लावतो. पंखा फिरू लागतो.)

विमलाबाई : हां. डॉक्टरीणबाईंना विचारलंत?

हेमा : नौपाड्याला गेलेलो ना आम्ही. म्हणाल्या, परदेशात अभ्यास चाललेत, पण बाळाला अपाय होतोच असं पक्कं कुणी सांगितलेलं नाही. मनाला डाचत असेल तर खाट भिंतीपासून लांब घ्या. लांब गेलं की जोर कमी होतो.

विमलाबाई : मग घेतली का नाही?

हेमा : ती माझ्या आईची खाट आहे. ती गेल्यापासून बाबा हलवू देत नाहीत. झाडतानासुद्धा नाही.

गुणाजी : मंजुळा तिथेच निजायची. ही पोटात होती तेव्हाही. डीपी तेव्हाही होता. हिचं काय बिघडलं?

हेमा : गणितात दोनदा गटांगळी!

गुणाजी : त्यात तू माझ्यावर गेलीस.

विमलाबाई : हसा, हसा! माझा जीव थाऱ्यावर नाही. पहिलं नातवंड आहे. खाट हलणार नसेल, तर सून माझ्याबरोबर येणार.

हेमा : बाबा, मला इथेच राहायचंय. आई नाही म्हणून माहेरच नाही, असं नको ना.

गुणाजी : विहीणबाई, पायाकडून धरा.

विमलाबाई : मी?

गुणाजी : मग काय हेमाला उचलायला लावू? सागवानी आहे, जड आहे.

विमलाबाई : व्याह्यांच्या घरी हमाली! धरा. सावकाश... स्वयंपाकघराकडे घ्या. अजून थोडं. टेका. हुश्श!

हेमा : बाबा, इथे वाराही मस्त लागतो.

विमलाबाई : आता राहू दे हिला. पण अहो, तिथली फरशी बघा. खाटेच्या पायांच्या जागी पांढरी राहिलीय. ओलं फडकं द्या, एक हात मारते.

गुणाजी : नको, असू दे. मी तिथे सतरंजी टाकणार आहे.

विमलाबाई : डीपीला लागून? आणि तुमच्या मेंदूचं काय?

गुणाजी : तो वाढायचा तेवढा वाढला, विहीणबाई. मला तिथे झोप चांगली लागेल.