पंजाबला निघालेली शेगडी

बाळांनो, डोळे मिटा आणि पौषातली एक सकाळ मनात आणा. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. हट्टा गावच्या गॅरेजात सोनाजीचा ट्रक पंजाबला निघाला आहे, कॅबिनमध्ये कोळशाची नवी शेगडी ठेवली आहे. सोनाजीची लेक मंजुळा निरोप द्यायला आली आहे, आणि जळबा ड्रायव्हर तिच्या बापाशी बोलतो आहे.

"सोनाजी, तिकडं रातचं रेडिएटरचं पाणी सोडत जा. गोठलं तर इंजिन फुटंल."

"ठाव हाय. गाडीला जपतो मी."

"गाडीला नवरीवानी जपतोस, सोताला न्हाई. ती शेगडी काहून घेऊन राहिला?"

"थंडीत मरू काय?"

"आपला संतराम ड्रायव्हर शेगडीच्या विषारी वाफेनंच गेला. त्याच्या ट्रकचं दार मीच उघडलं. काचा बंद, कोळसे पेटलेले, अन् हा जसा गाढ झोपेत."

"मी काच उघडी ठेवीन की."

"संतराम बी हेच म्हणायचा. थंडी हाडात शिरली की हात आपसूक काचेकडं जातो."

"लेकरासमोर असलं बोलू नको. मंजुळे, व्हय बाजूला. येतो मी."

मंजुळा बाजूला झाली नाही. कॅबिनमध्ये चढून तिने शेगडी खाली उतरवली, पुढच्या चाकासमोर ठेवली आणि तिच्यावर बसून राहिली.