दाऊच्या ट्रॅक्टरची सुई

मी माया. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण माझा जन्म रायपूरचाच, बाबा पोटासाठी इथं आले आणि गाड्यांच्या वायरिंगची टपरी टाकली. आता दुकान मी चालवते. लोक पहिले विचारतात, मिस्त्री कहाँ है, मी म्हणते हे काय, तुमच्यासमोर उभी आहे.

काय सांगू तुम्हाले, बाबाचं नाव होतं या कामात. इथं रायपूरजवळच्या एका गावात एक दाऊ होते, मोठे जमीनदार, त्यायचा जुना लाल ट्रॅक्टर, डायनामोवाला, त्याची वायरिंग बाबाच करत. पण सीटवर बसाचं नाही. आम्ही बौद्ध झालो, दाऊसाठी आमची जात तीच राहिली. बाबा खाली उभे राहून तारा जोडत, आणि बॅटरी चार्ज होते का नाही सांगणारी सुई वर, सीटसमोर. ती दाऊ पाहणार, वरून ओरडणार, हव, हो रहा है. एकदा दाऊनं न पाहताच हव म्हटलं आणि ऐन धानाच्या मळणीत बॅटरी बसली. साऱ्या पाऱ्यासमोर, मोहल्ल्यादेखत बाबाले शिव्या. बाबा परत गेले नाही. पण घरी जेवता जेवता मधीच म्हणत, मी पाहिली असती न सुई.

तोच ट्रॅक्टर परवा, दाऊ वारल्यावर, त्यायच्या नातवानं टोचन करून, ओढत माझ्या दुकानात आणला. पोट्टा चांगला, दीदी दीदी करते. तारा उंदरानं खाल्लेल्या, आणि कोणीतरी नव्या गाडीसारखी बॅटरीची मायनस बॉडीले बांधलेली. या जुन्यात प्लस बॉडीले लागते. मी तारा नव्या ओढल्या, बॅटरी सुलटी केली, डायनामोले बॅटरीची तार घडीभर लावून काढली, तेवढं केल्याशिवाय तो उलटाच चालते. इंजिन सुरू झालं तसा नातू वर चढला, मैं देखके बताता हूँ दीदी.

त्याच्या मनात काही नव्हतं, मले माहीत आहे. पण माझ्या अंगाची आग झाली. उतर म्हटलं. क्या हुआ दीदी? म्हटलं, थांब, पाहणारा आत आहे.

बाबा आत खाटेवर असतात, डोळ्यात मोतीबिंदू. हात धरून आणलं तर ट्रॅक्टरपाशी येऊन थांबले. म्हणे मी इथंच उभा राहतो, तू वरून सांग. मी म्हटलं बाबा, मी सांगणार नाही.

नातवानं हात पुढे केला. बाबानं तो धरला नाही, मडगार्ड धरून स्वतःच चढले, बसले, काचेले नाक लागेपर्यंत वाकले. मी खाली उभी. वाटलं, सुई हलली नाही का काय. मग म्हणे, गेली माया, प्लसकडे गेली.

डिझेल जळून राहिलं होतं. नातू म्हणे, बंद करूँ? मी म्हटलं राहू दे.

आता ट्रॅक्टर गावाले गेला. बाबा जेवताना सुईचा विषय काढत नाहीत, भाजीत मीठ कमी आहे म्हणतात. तेवढंच म्हणत राहोत, आणखी काय मागू.