येतो नाई, जातो म्हना

मी मूळचा वडनेर भोलजीचा, पन उमर सारी खामगावात गेली, कापसाच्या जिनात रुईच्या गठानी बांधता बांधता. शाळा म्हनाल तं चौथी. बायको जाऊन सहा वर्षं झाले. पोरगा ट्रकवर असते, म्हयन्यातून दोन-तीन दिवस घरी, म्हनजे घरात आम्ही तिघंच, मी, सून करुणा अन नात आरू, अडीच वर्षाची. आता तुम्ही माही गोठ लिवाले आले अन मी सुनेचीच सांगून राह्यलो, तं तसंच लिवा. माह्यापाशी सांगाले त्याच्यावून मोठं काई नाई.

करुणा लग्न होऊन आली तवा बारावी झालेली होती. मीच म्हनलं पोरी, पुढं शीक. गल्लीतले हसले, म्हने सून कालेजात अन सासरा चुलीपाशी. मी म्हनलं हाव, जळते भाकर माही, तुम्ही नका खाऊ. तिनं तीन वर्षं नर्सिंग केलं, मंग आरू झाली, मंग एका दवाखान्यात लागली. तिथी सांगतलं का रातपाळी करा लागन, तीन म्हयने पाहू, जमलं तं पक्की. आता सांगा, आईले बिलगून झोपनारं लेकरू, अन आई साडेसातले घरून निघनार. मंग झोपवनार कोन? मी. ज्यानं सोताच्या पोराले कधी धड मांडीवर घेतलं नाई, तो मी!

पह्यल्या दिवशी करुणा निघाली, दारातून मांगं वळली, म्हने आरू, येतो बरं. अन गेली. आरूनं आपली बारकी उशी उचलली अन उंबऱ्यापाशी जाऊन बसली. मी म्हनलं चाल वं माय, झोपाचं. नाई. दूध देलं, नाई. घोडा झालो, गुडघे वाजाले लागले, तरी नाई. आई येतो म्हनली, एवढंच तिचं. डोये लाल, मान पडून राह्यली, पन उशी सोडे ना अन दार सोडे ना, अन शेवटी तिथीच लुडकली. काय सांगू बाप्पा तुमाले, आठ दिवस रोज असंच. पोट्टी किरकिरी झाली, जेवे ना. शेजारची म्हातारी करुणाले म्हने, लेकरापरीस नोकरी मोठी हाये काय तुही? संध्याकाळी करुणा मले म्हने मामाजी, देतो सोडून.

मले असा राग आला का विचारू नका. म्हनलं सोडून द्यासाठी इतक्या भाकरी जाळल्या काय म्या? अन तुही पोट्टी तरी काय जिद्दी हाये, तू येतो म्हनतं अन ती तेच धरून बसते! करुणा माह्याकडं पाहातच राह्यली. म्हने मामाजी, काय म्हनले, आनखी एकदा सांगा. मी सांगतलं. तिनं डोक्याले हात लावला. म्हने ती जिद्दी नाई हो, ती तं बरोबर करून राह्यली. मी येतो म्हनतो, म्हनून ती वाट पाहाते. खोटं तं मीच बोलून राह्यलो.

आता पाहा, आपल्यात घरून निघतांनी जातो कोन म्हनते? येतोच म्हनते. जातो म्हनलं का ऐकनाऱ्याच्या पोटात गोळा येते. पन येतो म्हनजे जातो, हे लेकराले कोनी सांगतलं? माह्या सत्तरीत हे ध्यानात आलं नाई अन ह्या पोरीच्या एका मिन्टात आलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सारं बदललं. सातच्या आंधी आरूचं जेवन, मंग हातपाय धुनं, मोठा लाईट बंद, आम्ही तिघं मिळून वंदना म्हनाचो, अन मंग आरूले मांडीवर घेऊन, तिच्या डोयात पाहून सांगे, आई कामाले जातो. तू झोपशीन, सकाळी उठशीन, तवा येतो. पह्यल्या दिवशी मी मधातच ओरडलो, अवं जातो काय म्हनतं घरातून निघतांनी! शकुन-अपशकुन मी मानत नाई राजेहो, पन कान मानत नाईत ना. करुणा म्हने मामाजी, रडन ती, रडू द्या, पन खरं सांगू तिले.

रडली. काय रडली! दोन दिवस साऱ्या गल्लीनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी कमी. अन पाचव्या का सहाव्या दिवशी, करुणा गेल्यावर, आरू उशी घेऊन उठली. मी म्हनलं झालं, चालली दारात. तं तिनं दाराकडं पाह्यलं, अन उशी आनून अंथरुणावर टाकली. म्हने आबा, गोठ सांग. माह्या डोयात पानी, मी कायची गोठ सांगतो!

अन करुणानं बी शब्द पाळला बरं. रातभर उभी राह्यलेली पोरगी, पन सकाळी वाटेत भाजीले बी थांबत नाई, आरूचे डोये उघडाच्या आंधी घरात. एक दिवस चुकली नाई. माह्यानं झालं नसतं. आता आरू आमालेच शिकवते. बाप ट्रकवर निघाला, सवयीनं येतो म्हनला, तं हिनं पँट धरली, म्हने पप्पा, जातो म्हन. अन कवा येतो ते सांग. तो बिचारा बोटं मोजत बसला. शेजारची म्हातारी बसून उठली अन येतो म्हनली तं तिले बी सोडलं नाई! म्हातारी म्हने कार्टी मले मसनाच्या वाटी लावून राह्यली काय?

करुणा तीन म्हयन्यानं पक्की झाली, दवाखान्यात पेढे म्याच वाटले. आरू आता आठच्या ठोक्याले आडवी होते. परवा गोठ अर्धीच झालती, डोये मिटत आले, अन मले म्हने आबा, मी झोपाले जातो. सकाळी येतो. काळजात धस्स झालं, खोटं कायले बोलू. पन म्या बी आता शिकलो. म्हनलं जा माय, आरामात जा, मी हाओ इथीच.