भोवरा आणि मेथीचा वाफा

मंडळी, मला एक सांगा – नेम मोठा, की ज्याच्यासाठी नेम धरला ते मोठं? माना दोन्हीकडे हलल्या. छान. म्हणजे ऐकायला हरकत नाही.

कोरडेवाडीचे निवृत्तीअण्णा शिबिरात बायोडायनॅमिक शेती शिकून आले. गाईच्या शिंगात शेण भरायचं, शिंग थंडीभर मातीत पुरायचं. नंतर ते खत बादलीभर पाण्यात टाकून तासभर ढवळायचं! आधी उजवीकडे, भोवरा पडला की मोडायचा, मग डावीकडे. मधे थांबायचं नाही. हसू नका – आपण पळीभर पाण्याने आचमन करतो, तेव्हा गाय हसते का?

तर अण्णा काठीने ढवळतायत. समोर मेथीचा एकच वाफा, बियाण्यासाठी राखलेला. अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे यमुनाबाईंच्या, आईने लेकीला दिलेलं ते वाण – आई गेली, माहेर मिटलं, उरला तेवढा वाफा! बाई ओट्यावर, पाय प्लास्टरमध्ये. आणि चंद्री गाईने दावं सोडवलं.

"अहो, चंद्री मेथीत शिरली."

"अठ्ठेचाळीस मिनिटं झालीत."

"अहो, तिला हाकला आधी."

"अगं, भोवरा पडलाय. आता सोडला तर सगळं मातीत."

"मातीतच घालायचंय ना ते?"

अण्णांनी दिशा बदलली. काठीची! स्वतःची नाही.

"हॅट, हॅट," अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले. चंद्रीने मान वर केली, मालक कामात आहेत हे पाहिलं, आणि पुढची ओळ घेतली. यमुनाबाईंनी चप्पल फेकली – ती अण्णांना लागली. चुकून लागली असं बाई सांगतात.

साठ मिनिटं भरली. अण्णा घाम पुसत उठले, बादलीत केरसुणी बुडवली. "झालं बघ. एक क्षण खंड नाही. आता शिंपडतो."

यमुनाबाई म्हणाल्या, "कशावर?"

मंडळी, हसलात? आता घरी बघा. म्हातारी पाण्यासाठी हाका मारते आणि आपण माळेवरून बोट उचलत नाही – 'एकशे आठ होऊ दे!' देव मणी मोजत नाही हो, हाका मोजतो. तेव्हा ज्याच्या घरी कुणी वाट बघतंय त्याने आत्ता उठावं. देव रागावणार नाही. मी रागावेन, पण माझ्याकडे नका लक्ष देऊ. बाकीच्यांनी टाळ्या वाजवा, म्हणजे जाणाऱ्यांच्या चपलांचा आवाज मला ऐकू येणार नाही.