धोंड ज्या विहिरींवर न्हायचे

डिचोलीहून पणजीला चाललेल्या बसमध्ये क्षमाच्या मागच्या सीटवर एक म्हातारे मास्तर काँप्युटरची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी त्यांचा जावई.

"नवा काँप्युटर घेऊन दिला, तरी आकडे ठेवायला तो जुनाट फॉक्सप्रोच, मामा?"

"मग कित्याक नको?"

"नव्यात तो चालत नाही."

"चालतो. नव्याच्या पोटात खोटा जुना काँप्युटर उभा केला, त्यात चालतो. तीन महिने डोकं फोडलं मी."

"त्यापेक्षा सगळं नव्यात भरायचं."

"म्हणजे आज सुनावणीत खाणीचा वकील म्हणणार, आकडे काल भरले. देवीच्या जत्रेचं व्रत धरलेले धोंड न्हायचे त्या प्रत्येक विहिरीत दोर सोडून मी पाणी मोजलंय, एकोणनव्वदपासून. तेव्हा भरलं तसंच उघडून दाखवणार."

"हसतील तुम्हाला."

"हसू देत मरे! खाणवाले म्हणे, विहिरी खाणीच्या आधीपासूनच कोरड्या. मग आमचे धोंड काय धुळीने न्हायचे?"

क्षमाने मांडीवरची फाईल हळूच उलटी केली. तिच्या दर्शनी बाजूवर खाणीच्या ऑफिसचा शिक्का होता.

"बाय," मागून डोकावत मास्तर म्हणाले, "फाईल लपवू नका. सुनावणीला पुढे बसा. पाणी दाखवतो."