डाव्या हातातला चमचा

कॉलेज बेसबॉलच्या फायनलला लेमोनेडच्या रांगेत मागून चक्क मराठी ऐकू आलं, तशी चैत्रालीने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. कान मात्र मागेच होते.

"प्रसाद, आपल्या निहारच्या हाताला काहीतरी झालंय."

"झालं तुझं सुरू! टीमचा मेन पिचर आहे तो. बघितलंस ना, काय सुसाट बॉल टाकतोय?"

"घरी आला होता तेव्हा वरणभात चमच्याने खात होता."

"इथे जन्मलेला मुलगा आहे, शैला. चमच्यानेच खाणार."

"जन्मभर हाताने कालवून खाल्ला आणि आताच चमचा? तोही डाव्या हातात?"

"उजव्या हातात फोन असेल."

"माझ्याकडे बघून बोल."

"अगं, प्रो टीमवाले खास त्याला बघायला आलेत. आजची मॅच होऊ दे, मग दाखवू कुणाला तरी."

"आणि खेळताना दुखलं तर?"

"नाही दुखणार. इंजेक्शनचा असर संध्याकाळपर्यंत राहतो, म्हणालेत डॉक्टर."

मैदानात एकदम टाळ्या पडल्या. रांग पुढे सरकली, चैत्रालीही सरकली. तिच्या मागचं मात्र कुणी हललं नाही.

"कुठले डॉक्टर?"